काय काढलं ते सांगा

आमच्या लखनौच्या मराठी मंडळाने यंदाच्या स्मरणिकेत इनामदार बाईंवर अर्धं पान छापलंय. ‘मृदुभाषी, मनमिळाऊ, प्रसिद्धीपराङ्मुख.’ खोटं! बाई मृदू बोलल्या की समोरच्याने घाबरावं, अशी परिस्थिती होती. मनमिळाऊ म्हणाल, तर मंडळाच्या निम्म्या कार्यकारिणीशी त्यांचं बोलणं बंद होतं आणि ते त्यांनीच बंद केलं होतं. आणि प्रसिद्धीचं म्हणाल, तर “माझ्याएवढं इंजिन कळणारा या शहरात कोणी असेल तर घेऊन या, मला त्याला चहा पाजायचाय,” हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. तेही भर हळदीकुंकवात.

बाई आता पुण्याला मुलीकडे राहायला गेल्या, म्हणून इथे मागे कुणी काहीही छापावं? पत्रकं लिहिणं हे माझं रोजचं काम आहे. हे एक त्यांच्यासाठी.

बाई मिरजेच्या. इनामदार काकांची बँकेत बदली झाली म्हणून लखनौला आल्या आणि जानकीपुरमला घर बांधून राहिल्या. इंजिनीअरिंगची पदवी घेऊनच आल्या होत्या. एका पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइल शिकवायला लागल्या, तेव्हा प्राचार्यांनी गोड आवाजात सांगितलं, “मैडम, आप तो थ्योरी ले लीजिए। वर्कशॉप में लड़के होते हैं, तेल-ग्रीस होता है।” म्हणजे बाईने पुस्तक वाचून दाखवावं आणि पाना पुरुषाने धरावा! बाईंनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग वर्कशॉपमध्ये नेला, स्वतः एका जुन्या टायरवर बसल्या आणि उघड्या इंजिनावर छडी ठेवून शिकवायला लागल्या. प्राचार्य धावत आले. “थ्योरी ही तो ले रही हूँ, सर,” बाई म्हणाल्या. उभ्यासुद्धा राहिल्या नाहीत. निवृत्त होईपर्यंत त्यांची थिअरी त्या टायरवरच चालली. शहरातल्या कुठल्याही मोठ्या गॅरेजात जा आणि ‘इनामदार मैडम’ म्हणा. कोणीतरी हातातलं काम टाकून कान पकडेल.

हळदीकुंकवाला त्या उशिरा यायच्या आणि नखं काळी असायची. एकदा चिटणीस वहिनींनी हळूच म्हटलं, “अहो, जरा हात तरी...” बाईंनी दोन्ही हात सगळ्यांसमोर धरले. “साबणाने निघत नाही हो हे. लावा इथेच हळद, शोभून दिसेल.” वहिनींनी लावली. न लावून सांगतात कोणाला!

काका याच्या अगदी उलट. शांत, गोरेपान, स्वयंपाकघराचे पूर्ण मालक. बायकोला ‘मॅडम’ म्हणायचे. “मॅडम, पोहे गार होतायत,” एवढं एक वाक्य ते दिवसातून कितीदा म्हणत असतील देव जाणे. बाई गाडीखालून ओरडायच्या, “झाकून ठेवा!”

मला त्यांच्याकडे धाडलं आईने, मराठी सुधारायला. मी इथेच जन्मले. घरात आई-बाबा नांदेडचं मराठी बोलायचे आणि मी हिंदीतून उत्तरं द्यायचे. इथल्या सगळ्याच मुलांचं तसं. बाईंनी पहिल्याच दिवशी कायदा सांगितला. “मुक्ता, इथे मराठीत बोलायचं. शिव्या हिंदीत दिल्यास तरी चालेल, त्या हिंदीत नीट बसतात.” पुढे मी वस्तीवाल्यांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या संघटनेत गेले, वस्त्यांमधून फिरायला लागले, पत्रकं लिहायला लागले. पहिलं पत्रक मोठ्या अभिमानाने त्यांना दाखवलं. त्यांनी पेन मागितलं आणि ‘निर्दयी’, ‘बेमुर्वत’, ‘रक्तपिपासू’ एकेक करून खोडत गेल्या. कागदावर फारसं काही उरलं नाही.

“हा नुसता ताप आहे,” त्या म्हणाल्या. “ताप मलाही दिसतोय. ताप कशाने आला ते लिही.”

मला राग आला. अजूनही थोडा आहे. काही लोक रक्तपिपासू असतात आणि तसं म्हणायला हवं. पण तेव्हापासून माझ्या पत्रकांत कारण असतं, आणि अधिकारी चिडतात ते त्या कारणावर. विशेषणं त्यांना चालतात. हे बाईंकडून शिकले आणि ते मान्य करायला मला काही लाज नाही.

आता गाडीचं सांगते, कारण बाई खऱ्या दिसायच्या त्या गाडीपाशी.

आमच्या संघटनेकडे एक जुनी डिझेल व्हॅन आहे. कोणीतरी दान दिलेली, पत्रा वाजणारी. शकीलभाई ती चालवतात. मार्च संपता संपता ती तापायला लागली. चारबागच्या तिवारीच्या गॅरेजात नेली. पाण्याचा पाइप गळत होता, त्याने बदलला. आठवड्यात पुन्हा तापली. दुसऱ्याकडे नेली, त्याने रेडिएटर साफ केला. पुन्हा तापली. तिसऱ्याने पाण्याचा पंप नवा घातला, पंखा नवा घातला. गॅरेजच्या दारात तासभर उभी ठेवली की शहाण्यासारखी चालायची. रस्त्यावर जरा पळवली की तापमानाचा काटा लाल. शेवटी एका मोठ्या, काचेच्या गॅरेजवाल्याने बॉनेटकडे न बघताच सांगितलं, “इंजन बैठ गया है। कबाड़ में दे दीजिए।” बॉनेटकडे न बघता! त्याच्या टेबलावर कॉफी होती, ती मात्र त्याने नीट निरखून पाहिली.

आणि नेमकी तेव्हाच आम्हाला गाडी हवी होती. अमौसीच्या पुढे नाल्याकाठी एक वस्ती आहे. घरं हटवायची नोटीस आली होती आणि बदली जागेसाठी दाव्यांची सुनावणी होती. नियम असा, की दावेदाराने स्वतः हजर राहायचं. जो येणार नाही त्याचा दावा रद्द. सुनावणी आधी वस्तीजवळच्या शाळेत व्हायची होती. मग अचानक, कोणतंही कारण न देता, ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या कार्यालयात हलवली. मे महिना. अंग भाजून काढणारी लू चाललेली. म्हाताऱ्या बायका, बाळंतिणी, तान्ही मुलं. हे ‘प्रशासकीय सोयीसाठी’ होतं म्हणे. कोणाच्या सोयीसाठी ते शेंबडं पोरही सांगेल.

दुसरी गाडी बघावी, तर सहालग सुरू. लग्नसराईत लखनौमधली प्रत्येक गाडी कुठल्या ना कुठल्या नवरदेवाची असते. ज्याला विचारावं तो म्हणे, “बिटिया, बारात में लगी है।” ई-रिक्षा तेवढ्या लांब येत नाहीत. म्हणजे आमचीच व्हॅन, आणि तिला दिवसभर भर उन्हात शहर आरपार करत फेऱ्या मारायच्या. नाही जमलं तर अर्ध्या वस्तीचे दावे न ऐकताच रद्द.

सुनावणीच्या आदल्या दुपारी आम्ही व्हॅन जानकीपुरमला नेली. बाईंच्या फाटकापाशी पोचेपर्यंत बॉनेटमधून वाफ निघत होती. शकीलभाईंनी उतरून गमछा हाताला गुंडाळला आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

“हाथ हटाओ!” बाई पायरीवरून ओरडल्या. गल्लीतली कबुतरं उडाली. “मुँह जलाना है? शादी-ब्याह का मौसम है, दूल्हे जैसी शकल है, सँभाल के रखो!”

“मैडम, खौल रहा है...”

“खौलने दो. बसा सगळे. ठंडा होने तक कोई हाथ नहीं लगाएगा.”

पण स्वतः त्या बसल्या नाहीत. चष्मा नाकावर ओढून वाकल्या आणि उलटा हात, न टेकवता, एकेका भागाजवळून फिरवत गेल्या. हा त्यांचा जुना परिपाठ. पोरांना सांगायच्या, “तळहात कामाने निबर होतो, त्याला काही कळत नाही. आईसुद्धा ताप उलट्या हाताने बघते.” इंजिनाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. बाजूच्या एका आखूड पाइपाजवळ नेला, तोही मागे घेतला. मग रेडिएटरच्या खालच्या अंगाला नेला. तिथे हात थांबला. जवळ गेला. आणि चक्क टेकला.

बाई हसल्या. ते हसू मी याआधी एकदाच पाहिलं होतं, मंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला तेव्हा.

“मुक्ता, इंजिन उकळतंय आणि रेडिएटर कोमट आहे. याचा अर्थ काय?”

“रेडिएटर खराब?”

“रेडिएटर बिचारा रिकामा बसलाय. त्याच्याकडे गरम पाणी कोणी पाठवतच नाहीये. पाणी घरातल्या घरात फिरतंय, अंगणात येतच नाही.”

मी म्हटलं, मग लगेच खोला ना, उद्या सकाळी सुनावणी आहे! बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. वेताची खुर्ची ओढून शकीलभाईंच्या समोर बसल्या आणि डॉक्टरासारखी चौकशी सुरू केली. कधीपासून? उभी असताना तापते की पळताना? कोणाकडे नेली? शकीलभाई भडाभडा सांगायला लागले: नया पाइप डाला, नया पंप डाला, नया पंखा डाला, रेडिएटर साफ कराया. बाईंनी हात वर केला.

“डाला क्या, वो सब बताते हैं। निकाला क्या?”

“निकाला तो कुछ नहीं, मैडम।”

“याद करो।”

“कुछ नहीं निकाला... बस वो वॉल्व निकाला था। तिवारी ने। वो तो गर्मी में सब निकलवा देते हैं।”

काकांनी चहा आणला होता. बाईंनी कप घेतला, बशीत ओतला, आवाज करत प्यायल्या. एवढं शांत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाल्या, “तिवारी को फोन लगाओ। बोलो, टायरवाली मैडम बुला रही हैं।”

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. मलाही त्याच दिवशी कळलं. इंजिनात पाणी फिरत असतं आणि त्याच्या वाटेवर एक झडप असते, तिला थर्मोस्टॅट म्हणतात. इंजिन गार असलं की ती मिटते, तापलं की उघडते आणि पाणी रेडिएटरकडे सोडते. आपल्याकडच्या मिस्त्रींची ठाम समजूत, की ही झडप थंड देशातल्या लोकांची चैन आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात ती काढून फेकावी, पाणी मोकळं वाहू द्यावं. गिऱ्हाईक खूश, मिस्त्री खूश. इतका सर्रास रिवाज, की काढली तरी कोणी सांगत नाही आणि पुढचा मिस्त्री विचारत नाही. म्हणूनच सगळ्यांनी आपापला नवा भाग बसवला आणि जो भाग जागेवर नव्हता त्याच्याकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही.

तिवारी स्कूटरवरून आला. पिकलेल्या मिशांचा, पोट सुटलेला, स्वतःच्या गॅरेजात चार माणसांना दरडावणारा माणूस. फाटकातच वाकून पाया पडला. बाईंनी आशीर्वाद राखून ठेवला.

“वॉल्व क्यों निकाला?”

“मैडम, गर्मी में तो पूरा लखनऊ निकालता है। बरसों से। आज तक किसी की गाड़ी...”

“पुरानी गाड़ियों में चल जाता था। इसमें बगल का रास्ता है कि नहीं? ये छोटा पाइप?”

“है।”

“वॉल्व खुलता है तो इस पाइप का मुँह कौन बंद करता है?”

तिवारी बॉनेटवर वाकला. मिशीवरून बोट फिरवलं. पाठ करून विसरलेली कविता आठवावी तसा हळूहळू त्याचा चेहरा बदलत गेला.

“वही वॉल्व,” तो म्हणाला. “नीचे वाली चकती से।”

“तो तुमने निकाल दिया तो?”

“तो दोनों रास्ते खुले... और पानी छोटे वाले से लौट जाता है। रेडिएटर तक जाता ही नहीं।” त्याने कपाळावर हात मारला. “धत् तेरे की!”

“पानी आलसी होता है तिवारी, पास का रास्ता पकड़ता है। तुम भी क्लास में यही करते थे।” मग आशीर्वाद दिला. पाठीवर धपकन.

मी मात्र उसळले. या माणसाने बिघडवलं आणि बाकीच्यांनी आमच्याकडून नवे नवे भाग घालून घेतले. यावर पत्रक निघायलाच पाहिजे! बाई म्हणाल्या, “काढ. पण उद्यानंतर. आणि त्यात झडपेचं चित्र काढ, म्हणजे लोकांच्या गाड्या तरी वाचतील.” (काढलं. चारबागच्या प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर चिकटवलं. तिवारीने स्वतः खळ लावली.)

झडप कुठून आणायची? बाजारात नव्या भागासाठी दोन दिवस लागले असते. पण मिस्त्री कधी काही फेकत नाही. तिवारीने स्कूटरच्या डिकीतून एक पत्र्याचा डबा काढला, त्यात नट, बोल्ट, वॉशर, आणि तळाशी आमच्या गाडीची झडप. बाईंनी ती पदराला पुसली आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या.

“मॅडम, ते चहाचं पातेलं आहे!” काका कळवळले.

“मग? पाणीच तापवायचंय.”

झडप दोऱ्याला बांधून पातेल्यात सोडली. आम्ही सगळे गॅसभोवती गोळा. शकीलभाई, तिवारी, काका, मी. पाणी गुणगुणायला लागलं. काही नाही. कडेने बुडबुडे धरले. काही नाही. “गई,” शकीलभाई पुटपुटले. बाईंनी नुसतं बोट ओठांवर ठेवलं. आणि पाणी चांगलं सळसळायला लागलं तशी ती पितळी पाकळी हलली. उचलली गेली. खालची चकती खाली सरकली. पूर्ण उघडली!

“खुल गया!” तिवारी असा ओरडला की शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी विचारलं, “क्या हुआ, मैच है क्या?”

म्हणजे त्या झडपेत काहीही दोष नव्हता. धडधाकट भाग, निव्वळ रिवाजापायी बाहेर काढलेला. सूर्य मावळायच्या आत तिवारीने ती बसवली, पाणी भरलं, बाईंनी झाकण उघडं ठेवून इंजिन चालवायला लावलं आणि आत अडकलेली हवा बुडबुड करत निघून जाईपर्यंत कोणाला हलू दिलं नाही.

सकाळी आम्ही निघालो तेव्हा पुढच्या सीटवर बाई. कोणी बोलावलं नव्हतं. “मी केलेलं काम मी बघणार नाही तर कोण बघणार?” वस्तीवर पहिली फेरी भरली. त्यात रामकली होती, तिच्या गल्लीचा सगळा कारभार करणारी, कडेवर नात घेतलेली. ती बाईंच्या मागेच बसली.

“ई कांटा काहे देख रही हैं, मैडम?”

“ये काँटा बीच में रहा तो तुम्हारा घर बचेगा,” बाई म्हणाल्या.

मग काय! सगळी व्हॅन काट्याकडे बघायला लागली. चारबागला स्टेशनसमोर नेहमीचा चक्का जाम. रिक्षा, हातगाड्या, सामानाचे डोंगर डोक्यावर घेतलेले कुली, आणि वर आग ओकणारं ऊन. काटा चढायला लागला. अर्ध्यावर आला. अर्ध्याच्या किंचित वर गेला. शकीलभाईंनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. “या अल्लाह.” रामकलीने नातीला छातीशी धरलं. मग पंखा घुर्र करून सुरू झाला आणि काटा थबकला, थरथरला आणि मध्यावर येऊन बसला. बसला तो बसलाच. मागून कोणीतरी ‘जय हो’ म्हटलं आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या ऑटोवाल्याला वाटलं, वरातच आहे.

त्या दिवशी व्हॅनने फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. भर दुपारीसुद्धा. एकदाही थांबली नाही. कार्यालयाचा व्हरांडा बायकांनी भरून गेला. अधिकारी बाहेर आले आणि त्यांचा चेहरा पडलेला मी पाहिला. तो मी जन्मात विसरणार नाही.

“आप लोग... सब आ गए?”

“काहे साहब,” रामकली म्हणाली, “न आते?”

एकूण एक दावा नोंदवून घ्यावा लागला. एकूण एक! ज्यांना येता येऊ नये म्हणून सुनावणी हलवली होती, त्यांच्या हातात संध्याकाळी शिक्क्याच्या पावत्या होत्या. मी घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या आणि आज विचारलंत तर पुन्हा देईन.

पंधरवड्यातच बाई-काका पुण्याला गेले. मी तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात धरण्यावर होते, भेट झाली नाही. त्यामुळे माझ्याकडे बाई उरल्या आहेत त्या त्या संध्याकाळच्याच. शेवटची फेरी भरून व्हॅन आवारातून निघत होती. बाई गाडीत बसायला तयार नव्हत्या. कार्यालयाच्या ड्रायव्हरांनी त्यांना घेरलं होतं, सरकारी जीपही तापते म्हणून. मी मागच्या काचेतून वळून पाहिलं. अधिकाऱ्यांच्या जीपचं बॉनेट उघडं, बाई कोपरापर्यंत आत, पदर खोचलेला, आजूबाजूला खाकी कपड्यातली माणसं शाळेतल्या पोरांसारखी वाकलेली. आणि घरी जायला निघालेले साहेब, डोक्यावर फाइल धरून, आपल्याच जीपपाशी ताटकळत उभे.

बाईंनी मान वर न करता सांगितलं, “साहब, उधर छाँव में खड़े हो जाइए। टाइम लगेगा।”

आणि साहेब गेले, निमूटपणे सावलीत जाऊन उभे राहिले.